छोटं विमान, टेकऑफ आणि वैमानिकाची चूक: खानदेशातून मला विचारले जाणारे प्रश्न

मी वैमानिक आहे, मूळची चोपडा तालुक्यातली. लहान विमानांवर शिकले, आता इतरांना शिकवते. शिरपूरजवळचं तांडे, धुळ्याजवळचं गोंदूर आणि जळगाव इथे धावपट्ट्या असल्यामुळे डोक्यावरून घिरट्या घालणारी लहान विमानं आमच्या भागाला नवी नाहीत. देशात कुठेही असं विमान पडल्याची बातमी आली की गावाकडून फोन सुरू होतात. टेकऑफच्या वेळी माझ्या स्वतःच्या हातून एक अपघात झाला आहे. ज्यांना ते ठाऊक आहे ते जरा चाचरत विचारतात. चाचरायचं कारण नाही. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

प्रश्न: बातमीत ‘वैमानिकाच्या चुकीमुळे’ एवढंच छापून येतं. म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं ते असं की वैमानिकाने भलतंच बटण दाबलं किंवा तो घाबरला. असं क्वचित होतं. टेकऑफमधली चूक बहुतेक वेळा विमान हलायच्या आधीच झालेली असते. वजनाचा हिशोब केलेला नसतो, वारा कुठून आहे ते नीट पाहिलेलं नसतं, टाकीच्या तळाचं इंधन काढून त्यात पाणी आहे का ते तपासलेलं नसतं, शेपटीचा ट्रिम, म्हणजे नाक किती वर-खाली राहावं याची आधी लावून ठेवायची जुळणी, आधीच्या लँडिंगला होता तसाच राहिलेला असतो. धावपट्टीवरच्या तीस-चाळीस सेकंदांत या न केलेल्या कामांची वसुली होते.

दुसरा प्रकार म्हणजे निर्णयाचा. काहीतरी बिघडलंय हे कळलेलं असतं, तरीही वैमानिक थांबत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही घडलं.

प्रश्न: तुमचा अपघात कसा झाला?

लायसन्स नवं होतं. सेसना १७२, चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान. कमांडर मी, बरोबर दोन सहकारी. धावपट्टीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता.

मे महिना. निघायचं होतं सकाळी सातला. कागदपत्रांत आणि इंधन भरण्यात वेळ गेला आणि दुपारचा एक वाजला. सकाळी हवा शांत होती, तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उडायचं असं मी ठरवलं होतं. दुपारपर्यंत पश्चिमेचा वारा सुटला, पण डोक्यातली दिशा सकाळचीच राहिली. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, विंडसॉक, फडफडत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तो मला काय सांगतोय हे मात्र मनात शिरलं नाही. पाहणं आणि वाचणं यात फरक असतो, हे मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

उन्हात कॉकपिट भट्टीसारखं तापलं होतं. मागे बसलेला सहकारी घामाने निथळत होता. पट्टीच्या अगदी टोकापर्यंत जायचं म्हणजे आणखी चार मिनिटं, म्हणून मी मधल्या फाट्यावरूनच पट्टीवर शिरले. पुढे उरली होती साधारण साडेसहाशे मीटर. दिसायला ती खूप वाटते.

थ्रॉटल पूर्ण दिला. विमान पळायला लागलं, पण जीव नसल्यासारखं. उरलेल्या पट्टीचा अर्धा भाग संपला तेव्हा वेगाचा काटा पस्तीस नॉटच्या, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या, आसपास होता. त्याच क्षणी थ्रॉटल मागे घेऊन ब्रेक लावले असते तर काही झालं नसतं. मी मनात म्हटलं, ‘येईल अजून थोडा वेग.’ पट्टीचं टोक जवळ येताना दिसलं तसं हात आपोआप मागे आला. ५५ नॉटला नाक उचलायचं असतं, मी ४८ लाच ओढलं. चाकं सुटली. दहा-बारा फूट वर गेलो असू. स्टॉलचा, म्हणजे पंख आता भार सोडणार याचा, भोंगा वाजायला लागला आणि विमान तिथेच लटकलं. मग बसत गेलं.

पट्टीपलीकडे नांगरून ठेवलेलं रान होतं, काळ्या मातीची वीतभर ढेकळं. मागची चाकं टेकली, पुढचं चाक रुतून मोडलं, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) वाकला आणि विमान नाकावर उभं राहिलं. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, सहकाऱ्यांना मुका मार. आग लागली नाही, हे नशीब.

पहिला आवाज ऐकला तो शेळ्या चारणाऱ्या एका पोराचा, ‘इमान पडनं, इमान पडनं!’ त्याच्या मागोमाग एक म्हातारे जिभाऊ धावत आले. त्यांनी पट्टा सोडायला मदत केली आणि आम्हाला बाभळीखाली नेऊन बसवलं. विमानाचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. ‘माय, पानी पिशी का?’ एवढंच विचारलं.

प्रश्न: उन्हाळ्यात विमान उडायला खरंच जड जातं? की हे सांगायचं कारण?

खरंच जातं, आणि आमच्या भागातल्या माणसाने हे सगळ्यांत आधी समजून घ्यावं असं मला वाटतं.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत तीन गोष्टी एकदम घडतात. इंजिनाला कमी हवा मिळते म्हणून ताकद कमी होते. पंख्याला पकडायला हवा कमी म्हणून ओढ कमी होते. आणि पंखांनी तेवढाच भार उचलावा म्हणून विमानाला जमिनीवर जास्त वेगाने पळावं लागतं. वैमानिकाची भाषा अशी आहे की विमान जमिनीवर कुठेही असो, हवेच्या हिशोबाने ते किती उंचीवर आहे ते बघा.

जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की ठोकताळ्याच्या हिशोबाने तिथली हवा सुमारे ४,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे १,४०० मीटर. सातपुड्यातलं अस्तंभ्याचं शिखर १,३२५ मीटरचं. जळगावात भर दुपारी टेकऑफ करणारं विमान स्वतःच्या हिशोबाने अस्तंभ्याच्या माथ्याहूनही वरच्या हवेतून उडू पाहत असतं. त्या हवेत साध्या पिस्टन इंजिनाची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते.

प्रत्येक विमानाच्या पुस्तकात यासाठी तक्ते असतात. सेसना १७२एसच्या पुस्तकाप्रमाणे समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनासह चाकं जमिनीवरून सुटायला सुमारे २९३ मीटर लागतात आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला जवळपास ५०० मीटर. आता एक गोष्ट नीट वाचा: त्या विमानाच्या टेकऑफच्या तक्त्यातला शेवटचा रकाना ४० अंशांचा आहे. तक्ता जिथे संपतो तिथून आमचा मे महिना सुरू होतो. पुढचं वैमानिकाने स्वतः सावधपणे वाढवून धरायचं, नाहीतर सरळ पहाटे उडायचं. खानदेशातला शेतकरी मे महिन्यात पहाटेच रानात जाऊन दहाच्या आत घरी येतो. लहान विमानाचंही वेळापत्रक तेच असावं.

प्रश्न: मागून वारा असेल तर विमानाला ढकलून मदतच होईल ना?

हा प्रश्न माझ्या आत्याने विचारला होता आणि तो अजिबात भोळा नाही. बैलगाडीला मागचा वारा मदत करतो. विमानाचं उलट आहे, कारण विमानाला जमिनीचा वेग नको असतो, हवेचा हवा असतो. ५५ नॉट हवा पंखांवरून वाहिली पाहिजे. समोरून ८ नॉटचा वारा असेल तर जमिनीवर ४७ नॉट पळून भागतं. तोच वारा मागून असेल तर ६३ नॉट गाठावे लागतात. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून या दोन टेकऑफमध्ये पावणेदोन पटीहून अधिक फरक पडतो. ८ नॉट म्हणजे ताशी पंधराच किलोमीटर. आमच्याकडे धूळ उडायला एवढा वारा पुरतो.

पुस्तकातला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: मागचा वारा दर २ नॉटला अंतर १० टक्क्यांनी वाढवतो. समोरचा वारा तेवढाच फायदा द्यायला ९ नॉट घेतो. नुकसान लवकर होतं, फायदा हळूहळू.

आता माझा हिशोब मांडते. २९३ मीटर मूळ अंतर. उष्णतेमुळे साधारण दीडपट, म्हणजे ४४०. मागून ८ नॉट वारा, म्हणजे ४० टक्के आणखी, ६१६. तेही नव्या विमानाला आणि कसलेल्या हाताला. माझ्यापुढे साडेसहाशे मीटर होती, विमान जुनं आणि हात नवा. हा हिशोब मी दवाखान्यात कॉटवर बसून केला. चार मिनिटं लागली. पट्टीच्या टोकापर्यंत जायलाही तेवढीच लागली असती.

मेमधल्या दुपारच्या वावटळींबद्दलही सांगायला हवं. पट्टीवर आडवी आलेली वावटळ क्षणात समोरचा वारा मागचा करते. भोवरा दिसला की थांबायचं, तो निघून जाऊ द्यायचा.

प्रश्न: चाकं जमिनीवरून सुटली म्हणजे विमान उडालंच ना? मग खाली कसं आलं?

जमिनीच्या अगदी जवळ असताना पंखांखालच्या हवेला मोकळं वाहता येत नाही, त्यामुळे विमानाला होणारा अटकाव कमी होतो. हा परिणाम साधारण पंखांच्या पूर्ण लांबीइतक्या उंचीपर्यंत राहतो, सेसनाच्या बाबतीत अकरा मीटर, आणि जितकं जमिनीलगत तितका तो जास्त. त्यामुळे कमी वेगातही विमान वर उचलतं. वैमानिकाला वाटतं, जमलं. तीन-चार मीटर वर गेलं की ही उसनी मदत कमी व्हायला लागते, आणि स्वतःचा वेग तर जमलेलाच नसतो. घाबरून नाक आणखी वर केलं तर अटकाव आणखी वाढतो.

त्या वेळी नाक थोडं खाली करून जमिनीलगत वेग जमवायचा असतो. जमीन समोर येत असताना नाक खाली करायला मन धजत नाही, म्हणून हे हातात मुरेपर्यंत शिकवावं लागतं.

इथे ‘स्टॉल’ या शब्दाबद्दल. मराठी बातम्यांत त्याचा अर्थ कधीकधी ‘इंजिन बंद पडलं’ असा दिला जातो. तसं नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होतो. हवेशी पंखाचा कोन इतका तिरका होतो की हवा पंखाला चिकटून वाहत नाही आणि पंख भार उचलणं सोडतो.

प्रश्न: चार सीट आहेत म्हणजे चार माणसं बसणारच ना?

लग्नाच्या वऱ्हाडात जीपमध्ये किती माणसं बसतात ते आपण पाहतो, म्हणून हा प्रश्न येतो. वजन करून बघा. रिकामी सेसना १७२एस सुमारे ७५४ किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर दोनशे लिटर इंधन, त्याचे १४४ किलो. प्रत्येकी ८० किलोची चार माणसं, ३२० किलो. बेरीज १,२१८. मर्यादा १,१५७. बॅगा अजून ठेवल्याच नाहीत आणि साठ किलो जास्त झाले. चार माणसं न्यायची तर इंधन कमी भरायचं, इंधन पूर्ण हवं तर माणूस उतरवायचा. तिसरा रस्ता नाही.

वजन दहा टक्के वाढलं तर टेकऑफचं अंतर साधारण वीस टक्के वाढतं. शिवाय वजन कुठे ठेवलंय हेही बघायचं. मागे जास्त झालं तर नाक स्वतःहून वर जातं आणि खाली आणायला शेपटीचा जोर पुरत नाही. २५ ऑगस्ट २००१ ला बहामामध्ये अमेरिकी गायिका आलिया आणि आणखी आठ जण ज्या छोट्या दोन इंजिनांच्या विमानात गेले, ते टेकऑफनंतर लगेच कोसळलं होतं. चौकशीत ते मर्यादेपेक्षा बरंच जड आणि मागच्या बाजूला झुकलेलं आढळलं. सामान उतरवा असं प्रवाशांना ठामपणे सांगणं हेसुद्धा वैमानिकाचं काम आहे, आणि ते विमान चालवण्यापेक्षा अवघड जातं.

माझ्या विमानाचं वजन मर्यादेच्या आत होतं, जेमतेम. ‘वजन बसतंय’ एवढ्यावर मी निर्धास्त झाले. मर्यादेत बसणारं वजन त्या दिवशीच्या हवेत, त्या वाऱ्यात, तेवढ्या पट्टीवर उचललं जाईल का, हा वेगळा प्रश्न होता. तो मी विचारलाच नाही.

प्रश्न: सुकाणूचं कुलूप काढायलाच विसरले असं एकदा वाचलं होतं. असं कुणी विसरतं का?

विसरतं, आणि अनुभवी माणसं विसरतात. उभ्या विमानाचे हलणारे भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवतात. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं मोठं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी उडालं ते हेच कुलूप लावलेलं असताना. ते सरळ वर चढत गेलं आणि कोसळलं. चालवणारा सैन्याचा निष्णात चाचणी वैमानिक होता. त्यानंतर, लक्षात ठेवण्यासारखं फार झालंय हे ओळखून, वैमानिकांनी कागदावरची चेकलिस्ट वापरात आणली.

तरीही ३१ मे २०१४ ला मॅसेच्युसेट्समधल्या बेडफर्डला एका खासगी जेटने तेच केलं आणि सात जण गेले. तपासात निघालं की त्या दोन वैमानिकांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा सुकाणूची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. इतक्या वेळा काही झालं नाही, म्हणून सवय पक्की झाली. मला हा आकडा विसरता येत नाही. माझे विद्यार्थी योक, म्हणजे विमानाचं हँडल, चारही दिशांना पूर्ण फिरवून, मान वळवून पंखाकडे बघत ‘मोकळं आहे’ असं मोठ्याने म्हणतात. मनात म्हटलेलं मी धरत नाही.

प्रश्न: उडाल्यावर इंजिन बंद पडलं तर मागे वळून पट्टीवर का उतरत नाहीत? पट्टी तर मागेच असते.

इंजिन बंद पडणं ही नेहमीच वैमानिकाची चूक नसते. मागे वळणं मात्र बहुतेक वेळा असते.

दोनशे-तीनशे फुटांवर इंजिन थांबलं की पहिले तीन-चार सेकंद तर ‘हे खरंच होतंय का’ यातच जातात. मागे यायचं म्हणजे १८० अंश नव्हे, त्याहून बरंच जास्त वळावं लागतं, कारण अर्धं वर्तुळ फिरल्यावर आपण पट्टीच्या रेषेत नसतो, बाजूला असतो. वळताना विमान कलतं, आणि कललेल्या विमानाला उडत राहायला जास्त वेग लागतो. ४५ अंश कललं तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. वेग घटतोय, गरज वाढतेय, जमीन जवळ येतेय. मग एक पंख पडतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. त्यातून वाचणं कठीण असतं. समोरच्या शेतात पंख समतोल ठेवून, ताब्यात असलेल्या वेगाने उतरलेले लोक मात्र बऱ्याचदा चालत बाहेर येतात.

म्हणून नियम: लगेच नाक खाली, आणि समोर, उजवी-डावीकडे तीसेक अंशांत जे काही आहे त्यात उतरायचं. खानदेशात समोर शेत असतं, ही देवाची कृपा. कुठलं शेत, हेही आम्ही शिकवतो. कापणी झालेलं हरभऱ्याचं किंवा गव्हाचं रान सगळ्यांत बरं. कपाशीत उतरायचं तर सरीच्या दिशेने, आडवं नाही. ताजी नांगरट चाक धरून ठेवते, ते मला कळलं आहे. पावसाळ्यात काळी जमीन दिसायला गुळगुळीत असते, पण आतून चिखल. विजेची तार वरून दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधायची. रावेर-यावलच्या केळीच्या बागा वरून हिरव्या गादीसारख्या दिसतात. दुसरं काहीच नसेल तर बाग, पण पंख समतोल ठेवून.

प्रश्न: टेकऑफ सोडून द्यायचा हे कधी ठरवायचं?

इंजिन सुरू करायच्या आधी.

एक जुना ठोकताळा आहे. पट्टीच्या मध्यावर एखादी खूण धरायची, झाड म्हणा, दिवा म्हणा. तिथपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबायचं. सेसनाला ५५ चे ७० टक्के म्हणजे साधारण ३९ नॉट. मी ३५ वर होते. खूण आधी ठरवलेली असेल तर त्या क्षणी विचार करावा लागत नाही, हात आपोआप थ्रॉटल मागे घेतो. ठरवलेली नसेल तर मन ‘अजून थोडं’ म्हणतं, आणि तसं म्हणायला पट्टी संपेपर्यंत जागा असते.

प्रश्न: विद्यार्थी चालवत असताना अपघात झाला तर चूक कुणाची?

शेजारी प्रशिक्षक बसलेला असेल तर विमान त्याच्या ताब्यात आहे असंच धरलं जातं. विद्यार्थ्याने चुकायचं असतं, त्यासाठीच तो आलेला असतो. टेकऑफला नाक डावीकडे ओढलं जातं, उजवा पाय द्यावा लागतो, हे नवख्याला आठवत नाही आणि विमान पट्टीच्या कडेला जातं. प्रशिक्षकाने किती चुकू द्यायचं आणि कधी हात घालायचा, यातच त्याचं कसब. मी एकदा उशिरा हात घातला होता. विमान गवतात गेलं, कुणाला काही लागलं नाही. अहवालात मी स्वतःचं नाव आधी लिहिलं.

प्रश्न: चौकशी कोण करतं? छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो का?

भारतात विमान अपघात अन्वेषण ब्युरो हे काम पाहतो, तो २०१२ मध्ये स्थापन झाला. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. चौकशीची पद्धत १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टावर बेतलेली आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं एवढाच आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम शक्यतो वर्षभरात द्यायचा असतो.

लहान विमानात ब्लॅक बॉक्स सहसा नसतो. पण नव्या विमानांत पडद्यांचं जे यंत्र असतं त्याच्या मेमरी कार्डमध्ये वेग, उंची, इंजिनाचे फेरे साठवलेले मिळतात. शिवाय वाकलेल्या पंख्याची पातीसुद्धा बोलतात: इंजिन जोरात असताना आपटली की वेगळी वाकतात, थांबलेली असताना वेगळी.

म्हणून अहवाल यायच्या आधी कुणी ‘पायलटचीच चूक’ म्हणालं तर मला त्रास होतो, आणि ‘चूक असणं शक्यच नाही’ म्हणालं तरी तितकाच होतो.

प्रश्न: माझ्या शेतात विमान पडलं तर मी काय करू?

१६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक प्रशिक्षण विमान कोसळलं. तो टेकऑफचा अपघात नव्हता. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. तिथल्या आदिवासी बायामाणसांनी साडीची झोळी करून तिला पावसाचिखलातून खाली आणलं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. मी हे वाचलं तेव्हा मला बाभळीखालचे जिभाऊ आठवले. तर जे करायचं ते आमच्या लोकांना मुळात कळतं. मी थोडी भर घालते.

आधी ११२ वर फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. गावाचं नाव सांगून भागत नाही; शिवार, जवळचा रस्ता, नाला, गाडी कुठपर्यंत येईल ते सांगा. एक माणूस फाट्यावर उभा करा.

विमानाकडे वाऱ्याच्या दिशेने जा, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर राहील आणि इंधनाची वाफ तुमच्या अंगावर येणार नाही. बिडी-सिगारेट विझवून, लांब. ट्रॅक्टर, मोटारसायकल जवळ नेऊ नका. पंखाचं इंधन ठिबकत असतं, ते पेट्रोलसारखंच पेटतं.

समोरच्या पंख्याला हात लावू नका, तो बंद दिसला तरी. चुकून फिरला तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं आणि तेवढ्यात हात जातो. काही विमानांत संकटाच्या वेळी उघडणारं मोठं पॅराशूट असतं आणि ते छोट्या रॉकेटने बाहेर फेकलं जातं. अंगावर तसा इशारा लिहिलेला असतो. तिथे कापाकापी करू नका.

आग नसेल आणि माणूस बोलत असेल तर ओढून काढू नका, मानेला-पाठीला इजा असू शकते. त्याच्याशी बोलत राहा. आग किंवा धूर दिसला तर मात्र पट्टा सोडून जसं जमेल तसं बाहेर काढा. पाणी मागितलं तरी ओठ ओले करण्यापुरतंच द्या, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. मला जिभाऊंनी तांब्याभर दिलं होतं आणि त्या वेळी ते अमृत लागलं, पण नियम हा आहे.

तुकडे उचलून नेऊ नका, आठवण म्हणूनसुद्धा नको. एखादा बोल्ट कुठे पडला होता यावरून कारण सापडतं. आणि जखमींचे व्हिडिओ फिरवू नका. त्यांच्या घरी अजून फोन गेलेला नसतो.

पिकाचं नुकसान झालं असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या, फोटो काढा आणि विमानाच्या मालकाकडे लेखी मागणी द्या. तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमानाचा विमा असतो.

प्रश्न: मुलीला पायलट व्हायचंय. हे सगळं वाचून पाठवू का?

पाठवा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, व्यावसायिक अठराव्या, आणि त्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च मोठा आहे, शेत विकायच्या आधी दोनदा बसून बोला.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. पार्किंगमध्ये उभी असलेली आणि उडणारी विमानं मोजा. एखादं वेगळं काढून ठेवलंय का, का ठेवलंय, विचारा. मे महिन्यात दुपारी उडतात का, विचारा. आणि हे नक्की विचारा: विद्यार्थी हवा बघून ‘आज मी उडत नाही’ म्हणाला तर तुम्ही काय म्हणता? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात ते पाहा.

प्रश्न: अपघातानंतर तुम्ही परत कधी उडालात?

पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास. सकाळी साडेसहा, हवा थंड, समोरून अगदी हलका वारा. शेजारी माझे जुने प्रशिक्षक होते. ते त्या दिवशी जवळजवळ काहीच बोलले नाहीत. मी पट्टीच्या टोकापर्यंत गेले, विमान वळवलं आणि मागे राहिलेलं गवत बघून घेतलं की आता मागे एक मीटरही उरलेली नाही. वजन, वारा, तापमान, अंतर कागदावर मांडलं होतं, तो कागद मांडीवर होता. खूण म्हणून पट्टीच्या मध्यावरचं एक कडुनिंबाचं झाड धरलं.

झाडापाशी काटा ४६ वर होता. उडालो. वर चढताना पट्टीपलीकडचं ते रान खालून गेलं. आता तिथे कपाशी वेचणीला आली होती, पांढरी झाली होती, आणि बाया ओळीने वेचत होत्या. त्यातल्या एकीने मान वर करून डोळ्यांवर हात धरला.